बहिरी ससाण्याचा हंगाम आणि मॅलमचा कडा

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानात मॅलम कोव्ह नावाचा चुनखडीचा कमानदार कडा आहे. त्याची उंची सुमारे ८० मीटर व रुंदी सुमारे ३०० मीटर असून, शेवटचे हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाचे पाणी धबधब्याच्या रूपाने येथून कोसळत असे आणि त्या झिजेतूनच कड्याला आजचा आकार आला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. हिवाळ्यात या कातळातून पाणी झिरपत राहते आणि भर उन्हाळ्यात दक्षिणाभिमुख भिंत तापून हाताला घाम सुटतो, त्यामुळे चढाईसाठी खरे अनुकूल दिवस वसंतातले. परंतु बहिरी ससाण्याची अंडी घालण्याची वेळही नेमकी तीच असल्याने एका कड्यावर दोघांचे हक्क एकाच वेळी उभे राहतात.

येथे चालणाऱ्या चढाईच्या प्रकाराला स्पोर्ट क्लाइंबिंग म्हणतात. पारंपरिक प्रस्तरारोहणात चढणारा आपले संरक्षण स्वतःच, म्हणजे भेगांमध्ये धातूच्या पाचरी अडकवून, उभे करीत जातो आणि मागून येणारा त्या काढून घेतो. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये मात्र कातळात छिद्रे पाडून पोलादी बोल्ट कायमचे बसवलेले असतात, चढणाऱ्याने प्रत्येक बोल्टला क्विकड्रॉ, म्हणजे दोन कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) जोडलेली पट्टी, लावून तीत दोर ओवायचा असतो आणि खाली उभा असलेला साथीदार बिले देत, म्हणजे दोर गरजेनुसार सोडत व अडवत, त्याचे पडणे झेलतो. धोका असा आवाक्यात आल्यामुळे सारे लक्ष हालचालीच्या अवघडपणावर देता येते. मॅलमच्या बाहेर झुकलेल्या भिंतीवर ब्रिटिश प्रस्तरारोहक स्टीव्ह मॅक्लूर यांनी २००३ मध्ये ‘रेनशॅडो’ हा नाइन ए या अतिकठीण श्रेणीचा मार्ग प्रथम सर केला, आणि तेव्हापासून कठीण चढाईच्या जगात या कड्याचे नाव आदराने घेतले जाते.

बहिरी ससाणा काड्यांचे घरटे बांधत नाही. कड्यावरील एखाद्या कपारीतल्या मातीत छातीने व पायांनी उथळ खळगा करून मादी त्यात बहुधा तीन ते चार अंडी घालते, ती साधारण महिनाभर उबवली जातात आणि पिले आणखी पाच ते सहा आठवड्यांनी उडू लागतात. या काळात व्यत्यय आल्यास होणारी हानी प्रत्येक टप्प्यावर वेगळी असते: अंडी घालण्यापूर्वी जोडी कपार सोडून जाऊ शकते, उबवण्याच्या काळात मादी फार वेळ उठून राहिली, तर वसंतातील गारठ्याने अंड्यातला जीव मरतो, आणि पंख पुरते न भरलेली पिले घाबरून कड्यावरून वेळेआधीच झेप घेतात. पायथ्याशी वावरणारी माणसे हा पक्षी बरीच सहन करतो, परंतु घरट्याच्या वरच्या बाजूने कोणी आल्यास तो अस्वस्थ होतो. कड्याखाली पर्यटकांची वर्दळ असूनही वर पिले का वाढू शकतात, हे त्यावरून समजते.

या पक्ष्याबाबत ब्रिटनचे वर्तन नेहमीच असे जपणुकीचे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात निरोप्या कबुतरांना वाचवण्यासाठी सरकारी आदेशानेच शेकडो ससाणे मारले गेले. पुढे १९६० च्या सुमारास शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी ससाणे फार माजल्याची तक्रार केली, तिची शहानिशा करण्याचे काम निसर्गसंशोधक डेरेक रॅटक्लिफ यांच्याकडे आले, आणि त्यांच्या पाहणीत उलटेच निघाले: ससाण्यांची संख्या युद्धपूर्व काळाच्या निम्म्याहूनही खाली घसरली होती. डीडीटी व तत्सम कीटकनाशके भक्ष्याच्या शरीरातून ससाण्याच्या शरीरात साठत, कवचातील कॅल्शियमचे प्रमाण घटवत आणि अंडी आईच्याच वजनाखाली फुटत. रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये हे कवच पातळ होणे मोजून दाखवले, ते जुन्या संग्रहांतील अंड्यांच्या आधारे. ज्या छंदिष्टांनी घरटी लुटली, त्यांच्याच पेट्यांतून पुरावा मिळावा, हा योग विलक्षणच. रसायनांवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आल्यावर पक्षी सावरला आणि २०१४ च्या गणनेत १,७०० हून अधिक जोड्या आढळल्या.

१९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार घरट्यावरील बहिरी ससाण्याला हेतुतः किंवा बेपर्वाईने त्रास देणे हा इंग्लंडमध्ये तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. तथापि कोणता मार्ग कोणत्या तारखेपर्यंत बंद, हे हा कायदा सांगत नाही. ते ब्रिटिश माउंटनियरिंग कौन्सिल ही गिर्यारोहकांचीच संस्था पक्षिसंरक्षक, उद्यान प्रशासन व जमीनमालक यांच्याशी बोलून ठरवते. बंदीचा काळ बहुधा १ मार्च ते ३० जून असतो, परंतु शक्य तेथे सगळा कडा बंद न करता कपारीच्या दृष्टिपथात येणारे मार्गच वगळले जातात: मध्ये कातळाची एखादी सोंड असेल, तर तिच्यापलीकडची चढाई चालू राहते, जोडीने जागा बदलली तर सीमाही बदलतात आणि पिले लवकर उडाली किंवा अंडी वाया गेली तर बंदी मुदतीआधी उठते. या व्यवस्थेचे यश शिक्षेच्या भयापेक्षा या काटेकोरपणात अधिक आहे. सरसकट बंदी वरकरणी सोपी वाटली तरी तिचे कारण चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसते आणि म्हणून ती मोडण्याचा मोहही अधिक. मॅलमला तर घरटे लपवण्याऐवजी २००३ पासून वसंतात दुर्बिणी लावून ते लोकांना दाखवण्याचा उपक्रम झाला. अंडी व पिले चोरणाऱ्यांच्या भीतीने अशा जागा गुप्त ठेवण्याची जुनी रीत पाहता हे धाडसच होते, पण शेकडो डोळे लागलेल्या कपारीवर चोराला हात घालणे अवघड.

असाच पेच महाराष्ट्रातही आहे. बहिरी ससाण्याचाच शाहीन हा उपप्रकार, तसेच डायक्लोफिनॅक या गुरांच्या वेदनाशामकामुळे झपाट्याने घटलेले लांब चोचीचे गिधाड, हे दोघे सह्याद्रीच्या कड्यांवर वीण करतात. गिधाडाचा काळ नोव्हेंबर ते मार्च आणि शाहीनचा डिसेंबर ते एप्रिल असा असून, महाराष्ट्रातील प्रस्तरारोहणाचा मुख्य हंगामही हिवाळाच आहे. येथे मोठे गट कड्याच्या माथ्यावरून दोर सोडून रॅपलिंग, म्हणजे दोरावरून अवरोहण, करतात. शाहीन वसलेल्या कड्यावर असा दोर कोठे सोडावा हे ठरवताना खालून चढणाऱ्या दोघांपेक्षा वरून उतरणाऱ्या पन्नासांचा विचार आधी करावा लागेल.