पंतप्रधानांच्या दारातली गर्दी

‘ओलीस’ हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. मागणी पुरी करून घेण्यासाठी पकडून ठेवलेला माणूस म्हणजे ओलीस. अशा माणसाच्या घरच्यांनी काय करावं बरं?

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पाच अतिरेक्यांनी पळवलं. अमृतसर, लाहोर, दुबई करत ते अफगाणिस्तानात कंदाहारला थांबलं. नुकतंच लग्न झालेल्या एका तरुणाला त्यांनी मारलंही. भारताच्या तुरुंगातले आपले साथीदार सोडा, ही त्यांची मागणी.

इकडे दिल्लीत प्रवाशांचे नातेवाईक रस्त्यावर उतरले. पंतप्रधान वाजपेयींच्या निवासस्थानासमोर ऐन थंडीत घोषणा, रडारड सुरू झाली. काय हवं ते द्या, पण आमची माणसं आणा! टीव्हीवर सारा देश हे पाहत होता. त्यांना नावं कोण ठेवणार? माझी आई त्या विमानात असती, तर मीही त्या फाटकाशी उभी राहिले असते.

सरकारपुढचं कोडं मात्र जुनंच होतं. फेब्रुवारी १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आपले मराठी अधिकारी रवींद्र म्हात्रे यांना पळवून नेलं. मकबूल भटला सोडा, अशी मागणी आली. सरकारने ती मानली नाही. दोन-तीन दिवसांतच म्हात्रे यांचा खून झाला. मोर्चा काढायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. पुण्यातला म्हात्रे पूल पाहिलाय ना? तो त्यांच्याच नावाचा.

हे वर्गात सांगितलं, की मुलांचे दोन तट पडतात. “बाई, आधी माणसं आणायची!” असं एक जण ओरडतो. लगेच मागच्या बाकावरून येतं, “आणि सुटलेले पुन्हा मारतील त्यांचं काय?”

१९९९ मध्ये सरकारने वाटाघाटी केल्या. ३१ डिसेंबरला तीन अतिरेकी सोडले आणि दीडशेहून जास्त माणसं घरी परतली. फाटकाबाहेरच्या गर्दीचाही त्यात वाटा होताच, असं मला वाटतं.

सुटलेल्या तिघांत मसूद अझहर होता. त्याने २००० साली जैश-ए-मोहम्मद ही संघटना काढली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाला ४० जवान मारले गेले, त्याची जबाबदारी याच संघटनेने घेतली. त्या जवानांपैकी दोघे बुलढाणा जिल्ह्यातले होते. त्यातला एक मलकापूरचा. आमच्या दोंडाईच्याहून रेल्वेने भुसावळ ओलांडलं, की थोडं पुढे मलकापूर स्टेशन लागतं.