काचेच्या चंबूपासून पोलादी टाकीपर्यंत

दुधाला विरजण लावले की दही होते आणि इडलीचे पीठ रात्रभर ठेवले की ते फुगून येते. ही दोन्ही कामे सूक्ष्मजीव करतात. या क्रियेला किण्वन म्हणतात. सूक्ष्मजीव, वनस्पती किंवा पेशी यांच्याकडून औषधे, इंधने, रसायने आणि इतर उपयुक्त पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार करून घेणे म्हणजे जैव-उत्पादन होय.

वाटीभर दही लावणे सोपे असते. परंतु लग्नकार्यासाठी मोठ्या पातेल्यात दही लावायचे म्हटले, की अनुभवी गृहिणीसुद्धा अधिक काळजी घेते. पातेले मोठे झाले की उष्णता सर्वत्र सारखी राहत नाही आणि विरजण बिघडले तर सगळेच दूध वाया जाते. जैव-उत्पादनातील मुख्य अडचण हीच आहे. प्रयोगशाळेतील चंबूत जे सहज घडते, ते हजारो लिटरच्या टाकीत घडवून आणणे हे वेगळेच शास्त्र आहे. त्यासाठी लागणारा पैसा आणि पत्करावा लागणारा धोका एकट्या उद्योजकाला बहुधा पेलत नाही. अशा वेळी शासनाचे साहाय्य निर्णायक ठरते. पेनिसिलीनचा इतिहास याची साक्ष देतो.

अपुऱ्या औषधाची कथा

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलियम या बुरशीचा जंतुनाशक गुण आढळला. पुढे ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी त्या बुरशीपासून औषध वेगळे केले. बुरशी वाढवण्यासाठी त्यांनी रुग्णालयातील बेडपॅनसुद्धा वापरले. फेब्रुवारी १९४१ मध्ये जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या एका पोलीस शिपायाला ते औषध देण्यात आले. त्याची प्रकृती सुधारू लागली. पण औषधाचा साठा संपला. रुग्णाच्या मूत्रातून बाहेर पडणारे पेनिसिलीन गाळून पुन्हा वापरण्यात आले, तरीही ते पुरले नाही. मार्च महिन्यात तो शिपाई मरण पावला. औषध गुणकारी होते, परंतु ते पुरेसे तयार करण्याची विद्या अद्याप हाती आलेली नव्हती.

त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. तेथील कृषी खात्याच्या पिओरिया येथील शासकीय प्रयोगशाळेने हे काम हाती घेतले. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे द्रव बुरशीला खाद्य म्हणून दिले असता उत्पादन कितीतरी पटींनी वाढले. १९४३ मध्ये बाजारातून आणलेल्या एका खरबुजावर अधिक उत्पादन देणारी बुरशी सापडली.

तथापि टाकीत बुरशी वाढवणे कठीण होते. मोठ्या टाकीच्या तळापर्यंत हवा पोहोचत नाही. म्हणून निर्जंतुक हवा सतत आत सोडावी लागते आणि द्रव ढवळत ठेवावे लागते. वाढत्या बुरशीमुळे निर्माण होणारी उष्णता काढून घ्यावी लागते. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला तर तो पेनिसिलीनच नष्ट करू शकतो आणि संपूर्ण टाकी फेकून द्यावी लागते.

उद्योजक कचरत होते, त्याला आणखी एक कारण होते. उद्या कोणी हेच औषध रासायनिक पद्धतीने तयार केले, तर या महागड्या टाक्या निरुपयोगी ठरतील, अशी त्यांना भीती वाटत होती. अमेरिकी शासनाने हा धोका वाटून घेतला. संशोधनाचा खर्च उचलला, अनेक कंपन्यांना एकत्र आणले, दुर्मीळ यंत्रसामग्री मिळवून दिली आणि तयार होणारे औषध खरेदी केले. १९४३ मध्ये अमेरिकेत पेनिसिलीनची सुमारे २१ अब्ज एकके तयार झाली होती. १९४५ मध्ये हा आकडा ६,८०० अब्जांच्या पुढे गेला.

पिंपरीचा कारखाना

स्वतंत्र भारतानेही हाच मार्ग स्वीकारला. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला लाभले. देशातच पेनिसिलीन तयार होऊ लागले. कारखान्याबरोबर संशोधनही वाढले. येथील शास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांनी बुरशीजन्य रोगांवरील ‘हॅमायसीन’ हे औषध शोधले. त्याच्या नावातील पहिली अक्षरे या कंपनीच्या इंग्रजी नावावरूनच घेतली आहेत.

पुढे मात्र परिस्थिती पालटली. चीनमधून स्वस्त पेनिसिलीन-जी येऊ लागले. किण्वनाला वीज आणि वाफ अखंड लागते. त्यामुळे भारतीय उत्पादन महाग पडत होते. नव्वदच्या दशकानंतर भारतीय कारखान्यांनी हे उत्पादन एकामागून एक बंद केले. गोळ्या देशात तयार होत राहिल्या, पण त्यांचा मूळ घटक परदेशातून येऊ लागला. अ‍ॅमॉक्सिसिलीनसारखी नेहमीची औषधे पेनिसिलीनपासूनच तयार होतात. त्यामुळे परदेशातील पुरवठा थांबला तर गावातील आरोग्य केंद्रालाही त्याची झळ बसू शकते.

नवे प्रयत्न

हा धोका ओळखून केंद्र शासनाने २०२० मध्ये औषधांच्या मूळ घटकांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिच्यासाठी ६,९४० कोटी रुपयांची तरतूद होती. रासायनिक पद्धतीच्या उत्पादनाला विक्रीच्या १० टक्के, तर किण्वनाच्या उत्पादनाला पहिली चार वर्षे २० टक्के प्रोत्साहन ठरले. पाचव्या वर्षी ते १५ आणि सहाव्या वर्षी ५ टक्के होते. किण्वन अधिक खर्चिक असल्याने हा फरक ठेवला गेला. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथे पेनिसिलीन-जीचा कारखाना सुरू झाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायो-ई३’ धोरण मंजूर केले. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार यांसाठी जैवतंत्रज्ञान, असा त्याचा अर्थ आहे. जैव-उत्पादन केंद्रे उभारणे हा या धोरणाचा महत्त्वाचा भाग आहे. लहान उद्योजकाला स्वतःची मोठी टाकी विकत घेता येत नाही. अशा सामायिक केंद्रात तो आपली पद्धत मोठ्या प्रमाणावर पारखून पाहू शकतो.

साहाय्याला मर्यादाही असते. दिलेला पैसा जनतेचा असल्याने त्याचा हिशेब चोख असावा लागतो, आणि उद्योगाला कायमचे अनुदानावर जगवणे योग्य नाही. म्हणूनच प्रोत्साहनाची टक्केवारी वर्षागणिक उतरती ठेवली जाते. परंतु कारखाना उभा राहिला की काम संपले, असेही मानता येत नाही. अनेक वर्षांच्या परिश्रमाने मिळवलेले कौशल्य कारखाना बंद पडताच विखुरते आणि ते पुन्हा जमवायला तितकीच वर्षे लागतात. पेनिसिलीनच्या बाबतीत भारताने ही किंमत मोजली आहे. टाकी उभारण्याइतकेच ती चालू ठेवणेही महत्त्वाचे आहे, हा या इतिहासाचा धडा आहे.