कृत्रिम दांत रोवण्यापूर्वीं हिरड्यांची मशागत

पडलेल्या दांताच्या जागीं जबड्याच्या हाडांत टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दांत चढविण्याची विद्या आतां आपल्याकडेही रूढ झाली आहे. स्वीडनमधील डॉ. ब्रोनेमार्क यांनीं १९६५ मध्यें ती प्रथम रुग्णावर योजिली. हा धातु हाडाशीं एकजीव होतो, हें तिचें मर्म होय. मग दंतवैद्य प्रथम हिरड्यांवरच आठवडेच्या आठवडे कां घालवितात, असें कित्येक पालक आम्हांस विचारतात.

प्रश्न रास्त आहे. नैसर्गिक दांताच्या मुळावरील आवरणांत हिरडीचे सूक्ष्म तंतु शिरून त्यास जखडून धरितात. त्यामुळें तोंडांतील जंतूंस खालीं उतरणें अवघड जातें. धातूंत असे तंतु शिरूं शकत नाहींत. हिरडी त्याच्याभोंवतीं सदऱ्याच्या गळपट्टीप्रमाणें नुसती लपेटून राहते. ही गळपट्टी सुजलेली असली, तर जंतु हाडापर्यंत पोहोंचतात, हाड झिजतें, आणि मोठ्या खर्चानें बसविलेला स्क्रू डळमळूं लागतो.

म्हणून वैद्य प्रथम उरलेल्या दांतांवरील किटण खरवडून काढितात व बारीक सळईनें हिरडी आणि दांत यांमधील फट मोजतात. निरोगी फट १ ते ३ मिलिमीटर असते. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां मोजणी होते. सूज व रक्त कायम असेल, तर शस्त्रक्रिया पुढें ढकलितात. हिरडी फारच पातळ असल्यास टाळूवरील तुकडा घेऊन तेथें जोडितात.

परंतु अर्धें काम घरचें आहे. आपल्याकडे पुष्कळ माउल्या मिश्रीस दंतमंजन समजतात. ती वस्तुतः भाजलेल्या तंबाखूची पूड, आणि चोळावयाची ती नेमकी हिरडीवर! (विद्यार्थ्यांनीं एवढा भाग आजीस वाचून दाखविण्यास आमची हरकत नाहीं.) विडी तर अधिक फसवी. तिच्यामुळें हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो, जखम भरत नाहीं, आणि रक्तही कमी येत असल्यानें रोग झांकला जातो. मधुमेह असणाऱ्यांनीं साखर आधीं आटोक्यांत आणिली पाहिजे.

ब्रशास रक्त लागतांच भिऊन ती बाजू घासणें सोडून देणारेही बरेच आढळतात. तेथेंच मऊ ब्रशानें, हळुवार हातानें अधिक वेळ द्यावा. आठवडाभरांत रक्त न थांबल्यास दंतवैद्यास दाखवावें.