कामाचं शरीर (भाग ६) : पोटरीतला वांब

मागचा भाग टाचेवर होता. या वेळी टाचेच्या थोडं वर, पोटरीत जाऊ.

२००१ साली शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला, पुढे ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहिलं. आज करमाड, कुंभेफळ, लाडगावपासून मुकुंदवाडीपर्यंत घरटी कुणी ना कुणी कंपनीत जाणारं सापडतं. त्यातले बरेचसे आठ-आठ तास सेफ्टी शूज घालून काँक्रीटवर उभे असतात. पाळी संपते, जेवण होतं, झोप लागते आणि रात्री दोन-तीनच्या सुमाराला पोटरीत गोळा येतो. आईगं म्हणायलाही सवड मिळत नाही. घरातले जागे होतात आणि मग एक जण तेल आणतो, दुसरा केळं आणतो, तिसरा म्हणतो, ‘कॅल्शियम कमी झालंय.’

वांब आलेला असताना कारणं वाचायला कुणी बसत नाही, म्हणून आधी उपाय. गुडघा सरळ करा आणि पायाची बोटं हाताने धरून नडगीच्या दिशेने, म्हणजे स्वतःकडे ओढा. हात पुरत नसेल तर तळव्याखालून टॉवेल घालून त्याची दोन्ही टोकं ओढा. झटका मात्र देऊ नका, हळूहळू ओढा आणि धरून ठेवा. शेजारी कुणी असेल तर त्याने तळवा वर रेटला तरी चालतं. उभं राहता आलं तर टाच फरशीला टेकवून त्या पायावर भार द्या. स्नायू सैल पडला की मग चोळा, गरम पाण्याने शेका. वांब बहुधा काही सेकंदांत, फार तर दहाएक मिनिटांत उतरतो, पोटरी मात्र दुसऱ्या दिवशीही ठणकते. पाठीत उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणूस शोधत हिंडतात. वांबाला एवढी उठाठेव लागत नाही, ज्याचा पाय त्याचाच हात पुरतो.

ताणल्याने वांब का उतरतो, त्यातच तो का येतो याचं बरंचसं उत्तर आहे. स्नायूला ‘आवळ’ असा हुकूम मणक्यातल्या चेतापेशी देतात. स्नायूच्या आतले संवेदक हा हुकूम वाढवत असतात, आणि स्नायू हाडाला जिथे जोडला जातो त्या कंडरेतले संवेदक तो आवरत असतात. असेंब्ली लाइनवर काही बिघडलं तर लाइन थांबवणारी दोरी असते, तसं कंडरेचं काम. स्नायू फार थकला की वाढवणारे संदेश जोर धरतात आणि थांबवणारे क्षीण होतात. पोटरी ताणली की कंडरेवर ओढ बसते, म्हणजे दोरी आपणच ओढतो. दक्षिण आफ्रिकेच्या मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ साली ही मांडणी केली. वांबाचा सगळा उलगडा अजून झालेला नाही, पण व्यायामानंतर येणाऱ्या वांबाबाबत आज बहुतेक अभ्यासक याच बाजूला झुकतात.

रात्रीच का, तेही यावरून लक्षात येतं. झोपेत पाऊल पुढे झुकलेलं असतं, त्यामुळे पोटरी आधीच आखूड झालेली असते आणि कंडरा सैल. अशा स्थितीत जरा पाय ताणून आळस दिला तरी निमित्त पुरतं. अंगावरची गोधडी पायाशी घट्ट खोचून झोपणाऱ्यांनी ती सैल करावी, तिच्या वजनानेही पाऊल खाली दबतं.

मग मीठ-पाण्याची गोष्ट खोटी का? तसं नाही. भट्टीजवळ, फोर्जिंगमध्ये किंवा एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्याचा वांब वेगळ्या जातीचा असू शकतो. ब्रिटनमधल्या खोल, गरम कोळशाच्या खाणींतल्या कामगारांवर के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. माणसं घामाने निथळत, तहान लागली की साधं पाणी ढोसत आणि मग त्यांचे स्नायू आखडत. पाण्यात थोडं मीठ घातल्यावर हा त्रास कमी झाला. १९३२ साली अमेरिकेत हूव्हर धरणाच्या बांधकामावर हार्वर्डच्या संशोधकांनाही तेच दिसलं. घामातून लिटरमागे साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जातं, ते माणसागणिक बदलतं. शर्टाच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटत असतील तर तुमचं जास्त जातंय असं समजा.

अशा कामावर नुसतं पाणी पीत राहू नका. डब्याबरोबर मिठाचं ताक न्या, किंवा ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून दिवसभर घोट घोट प्या. अर्धी पुडी पेल्यात टाकून ढवळणं चुकीचं आहे, त्याने प्रमाण बिघडतं. दुकानात ‘ओआरएस’ नावाने मिळणारी खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. रक्तदाबाच्या किंवा किडनीच्या रुग्णाने मीठ वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. एसीत बसून काम करणाऱ्याच्या पोटरीला मात्र मिठाच्या ताकाने काही व्हायचं नाही. पिऊ नये असं नाही, ताक चांगलंच.

केळ्याचं काय? केळ्यात पोटॅशियम आहे, पण ते रक्तात पोहोचेपर्यंत वांब केव्हाच उतरलेला असतो आणि श्रेय केळ्याला मिळतं. एक गंमत मात्र खरी आहे. २०१० साली अमेरिकेत काही तरुणांच्या पायात विजेच्या सौम्य झटक्यांनी मुद्दाम वांब आणले आणि त्यांना काकडीच्या लोणच्याचं व्हिनेगर-मिठाचं पाणी पाजलं. सरासरी दीड मिनिटाच्या आत वांब उतरला, साध्या पाण्यापेक्षा लवकर. एवढ्या वेळात पोटातून रक्तात काही जात नाही. त्या आंबट-खारट झणक्याने घशातूनच चेतासंस्थेला निरोप जात असावा, असा अंदाज आहे. आपलं तेलातलं कैरीचं लोणचं तेच काम करील असं मी म्हणणार नाही.

वांब येऊच नये म्हणून पोटरीला रोज ताण देणं, हा बिनखर्चाचा मार्ग. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, तळहात भिंतीला टेकवा. एक पाय मागे घ्या, त्याचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली. पुढे झुका, पोटरीत ओढ जाणवेल. दहा आकडे मोजा आणि सोडा. प्रत्येक पायाला तीनदा, झोपण्याआधी. नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५५ वर्षांवरच्या ८० जणांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे रोज रात्री पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना असा ताण दिला. ताण न देणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे वांब कमी झाले, वेदनाही घटल्या. २००५ च्या एका ब्रिटिश चाचणीत मात्र फायदा दिसला नव्हता. तरीही मी ताणाच्या बाजूने आहे, कारण यात तोटा काहीच नाही आणि दोन मिनिटांत काम होतं.

पण सगळा भार कामगाराच्या पोटरीवर टाकून कसं चालेल? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्येच लिहिलं होतं, की उभं राहून काम करावं लागणाऱ्यांना मध्ये सवड मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय कारखान्याने ठेवावी. एक साधं स्टूल! सुपरवायझरला स्टूलवरचा माणूस आळशी वाटत असेल, तर त्याने एक अख्खी पाळी स्वतः उभं राहून काढावी.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. वांबासाठी पूर्वी क्विनाइन सर्रास दिलं जाई. रक्तातल्या बिंबिका घटणं, हृदयाची लय बिघडणं अशा धोक्यांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली याविरुद्ध इशारा दिला. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने ते घेऊ नका. मॅग्नेशियमने वयस्कांच्या वांबाला फारसा फरक पडत नाही, असं कोक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात आढळलं. कॅल्शियमची कमतरता तपासणीत निघाली तर गोळी घ्या, शेजाऱ्याच्या सल्ल्याने नको.

एकच पाय सुजला, लाल आणि गरम झाला, तर तो वांब समजून चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी घाटी रुग्णालय गाठा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल तर धमनी तपासून घ्यायला हवी, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. पायातली ताकद कमी होत असेल, मधुमेह किंवा थायरॉइड असेल, डायलिसिस चालू असेल, दिवस गेले असतील, तरी डॉक्टरांना सांगा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि दम्याचे काही दीर्घ परिणामाचे पंप यांनीही वांब वाढतात. आपणहून गोळी बंद करू नका, पण ईएसआयच्या दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

पुढच्या आठवड्यात : रात्रपाळी आणि दिवसाची झोप.