अल्लाबंद : भूकंपानें घातलेला बांध

बांध घालणें हें शेतकऱ्याचें नित्याचें काम. परंतु मनुष्याचा हात न लागतां सुमारें ५० मैल लांबीचा बांध एका सायंकाळीं उभा राहिल्याचें उदाहरण कच्छच्या मोठ्या रणांत आहे. तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कच्छच्या पश्चिमेस लखपताकडे सिंधु नदीची एक शाखा पूर्वीं येत असे व तिच्या पाण्यावर तेथें भात पिके. १७६२ सालच्या झाऱ्याच्या लढाईनंतर सिंधचा गुलाम शाह कल्होरा यानें मोरा येथें त्या शाखेस बांध घालून खालच्या खाचरांचें पाणी तोडलें. शत्रूची जमीन मारावयाची तर तलवारीपेक्षां बांध अधिक उपयोगी पडतो, हें त्यास ठाऊक असावें!

पुढें १६ जून १८१९ रोजीं मोठा भूकंप झाला. सिंद्री येथील ठाण्याभोंवतींचा प्रदेश खचला, समुद्राचें पाणी आंत शिरलें व किल्ला बुडाला. बुरुजावर चढलेल्या लोकांस होड्यांनीं सोडवावें लागलें. त्याच वेळीं उत्तरेकडील जमीन उचलली जाऊन पूर्वपश्चिम उंचवटा उत्पन्न झाला. कांहीं ठिकाणीं त्याची उंची २० फुटांपर्यंत भरते. मनुष्यांनीं घातलेल्या बांधांहून निराळा म्हणून लोकांनीं त्यास अल्लाबंद हें नांव दिलें.

त्याचा आकार ध्यानांत घेण्याजोगा आहे. दक्षिणेचें अंग उभें, उत्तरेचा उतार मात्र अगदीं सौम्य. ह्याचें कारण जमिनीच्या पोटांत आहे. तेथील खडकांत उत्तरेकडे खोल कलत गेलेली भेग असून तिजवरून उत्तरेचा भाग दक्षिणेच्या भागावर सरकला. सरकणारा उचलला गेला, पुढचा दबला. अशा सरकलेल्या भेगेस प्रस्तरभंग म्हणतात.

भूकंपानें भंग होतो कीं भंगानें भूकंप, हा वाद पुष्कळ दिवस चालला होता. जपानांत २८ ऑक्टोबर १८९१ रोजीं मिनो-ओवारी प्रांतांत भूकंप झाला, तेव्हां मिदोरी गांवीं जमीन सुमारें २० फूट वरखालीं झाली आणि त्या भंगावरील शेतांचे बांध व रस्ते मध्येंच तुटून बाजूस सरकले. बुन्जिरो कोतो यांनीं तें पाहून भंगाचें सरकणें हेंच भूकंपाचें कारण ठरविलें. बांध सरळ होते म्हणूनच सरकण्याचें माप मिळालें. हद्दीचे तंटे किती माजले असतील, तें वाचकांनींच ताडावें.

असेंच सरकणें हजारों वर्षांत पुन्हां पुन्हां घडलें म्हणजे उंचवट्याची टेकडी बनते. तथापि भंग प्रत्येक वेळीं वर दिसतोच असें नाहीं. किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपांत शेतांतून लहानसा उंचवटा उठला. उलट २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप त्याहून पुष्कळ मोठा असूनही त्याचा मुख्य भंग भूपृष्ठापर्यंत पोंचला नाहीं. तसेंच प्रत्येक कडा म्हणजे भंग नव्हे. आपल्या दख्खनी डोंगरांच्या पायऱ्या लाव्ह्याचे थर कमीअधिक झिजल्यानें झाल्या आहेत.

१८२६ सालीं सिंधूस मोठा पूर आला. वरचे मनुष्यांचे बांध फुटले आणि पाण्यानें अल्लाबंदही कापून सिंद्रीचें तळें गांठलें. कंपनी सरकारचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स यानें १८२७ सालीं ती वाट स्वतः पाहिली. लखपतास मात्र सिंधूचें पाणी कायमचें लाभलें नाहीं.