पहिला अनुभव कोठून आणावा?

शिक्षण पूर्ण झाले की आपल्या तरुणांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "पूर्वीचा अनुभव आहे काय?" अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, अशा फेऱ्यात कित्येकांची उमेदीची दोन-चार वर्षे निघून जातात. ज्यांचे काका-मामा कारखान्यात आहेत, त्यांना या फेऱ्यातून बाहेर पडण्याची वाट घरातच कळते. ज्यांच्या घरातील पहिलीच पिढी आय.टी.आय. किंवा इंजिनिअरिंगपर्यंत पोहोचली आहे, त्यांना ती सांगणारे कोणी नसते. ही वाट कायद्याने आखून दिलेली आहे. तिची माहिती व्हावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, कारखान्यांची वाण नाही. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत जुनी आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचे जाळे उभे राहिले. पुढे शेंद्रा आले, २००१ साली तेथे स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि आता शेंद्रा-बिडकीनचा ऑरिक प्रकल्प आहे. नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय काढले तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फारच थोडी होती. आज शिक्षण आहे, कारखाने आहेत. अडचण आहे ती या दोहोंच्या मधल्या पायरीची.

या पायरीचे नाव शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ साली झाला. सुरुवातीला तो कारागिरी व्यवसायांपुरता, म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंते त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-तांत्रिक शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. याच कायद्यात अनुसूचित जाती व जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवण्याचे कलम आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

२०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले. त्यांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ठरवण्यात आली. चार ते एकोणतीस माणसांच्या लहान कारखान्यालाही इच्छा असल्यास उमेदवार घेता येतो. तेव्हा कारखान्याच्या दारात उभा राहणारा मुलगा उपकार मागत नसतो. कायद्याने जी जागा ठेवायला सांगितली आहे, तिच्यासाठी तो अर्ज करत असतो. ताठ मानेने जावे आणि नम्रतेने विचारावे.

येथे आपल्या वस्त्यांत नेहमी घडणारी गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मुलगा फिटरची परीक्षा पास होतो. घरात पैशांची निकड असते. गल्लीतला कोणी ठेकेदाराकडे नाव सांगतो आणि मुलगा दुसऱ्या दिवशी हेल्पर म्हणून कामावर जातो. माल उचलणे, पेट्या भरणे, फरशी साफ करणे हे काम तो वर्षानुवर्षे करतो. दोन वर्षांनी ठेका संपतो तेव्हा हातात फिटर म्हणून काम केल्याचा एकही कागद नसतो आणि शिकलेले हातही विसरलेले असतात. त्याच्या बरोबरचा दुसरा मुलगा थोड्या विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवार म्हणून लागतो. साधारण वर्षभराने तो परीक्षा देतो आणि त्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. पुढच्या मुलाखतीत "अनुभव आहे काय?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असते.

विद्यावेतन थोडे असते हे खरे. २०१९ च्या नियमांनी किमान रक्कम शिक्षणाप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवली होती. त्यात आय.टी.आय. झालेल्यास ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० असे दर होते. ठेकेदाराकडे कदाचित जास्त मिळेल. ज्या घरात एकच कमावता हात आहे, तेथे हा फरक लहान नसतो, आणि अशा घराला दोष देणेही बरोबर नाही. परंतु निर्णय घेताना आई-वडिलांनी या महिन्याचा हिशेब जसा करावा, तसा पाच वर्षांनंतरचाही करावा.

पदवी व पदविकाधारकांच्या बाबतीत आणखी एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. परीक्षा पास झाल्यावर ज्याने एक वर्ष किंवा अधिक काळ नोकरी अथवा प्रशिक्षण केले आहे, त्याला पदवीधर वा तंत्रज्ञ शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येत नाही. म्हणजे इतरत्र जी उणीव समजली जाते, तो अनुभवाचा अभाव येथे पात्रता ठरतो. "आधी मिळेल ते काम करू, मग अप्रेंटिसशिप पाहू" असे म्हणणाऱ्याचे हे दार आपोआप बंद होते. म्हणून निकाल लागताच अर्ज करावा.

अर्ज कोठे करावा? आय.टी.आय. झालेल्यांनी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी आणि आपल्या आय.टी.आय.मधील शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटावे. पदवी व पदविकाधारकांसाठी पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळ मुंबईला आहे. त्याचीही नोंदणी संकेतस्थळावर होते. केवळ नोंदणी करून घरी बसू नये. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांची यादी करून स्वतः अर्ज नेऊन द्यावा.

कामावर रुजू होताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कराराची नोंदणी झाली आहे काय? नोंदणी नसेल तर नुसत्या "ट्रेनी" या शब्दाला कायद्याचा आधार नाही. दुसरी, करारात व्यवसायाचे नाव कोणते आहे? फिटरला फिटरचेच काम शिकवले पाहिजे. तिसरी, कामाचे तास. प्रशिक्षणाचे हित आणि अधिकाऱ्यांची मंजुरी असल्याशिवाय शिकाऊ उमेदवाराला जादा वेळ राबवता येत नाही. काम करताना इजा झाल्यास भरपाईची तरतूदही या कायद्यात आहे.

मुदत संपल्यावर त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच, अशी हमी मात्र कायदा देत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक मालकाने याबाबत आपले धोरण ठरवावे एवढेच म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेशातील एस.टी. महामंडळाच्या प्रकरणात निर्णय दिला की, इतर बाबी समान असतील तर थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे. सरकारी उपक्रमांच्या जाहिरातींना अर्ज करताना हा निर्णय माहीत असावा.

ज्यांचे क्षेत्र कारखान्याचे नाही त्यांनी काय करावे? येथे बाबासाहेबांच्या चरित्रातील एक भाग मार्गदर्शक आहे. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा परदेशातील पदव्या होत्या, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर कामे पाठवीत नसत. त्यांनी वकिली सोडली नाही. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला आणि त्याच्या जोडीने कोर्टात उभे राहत राहिले. पोटासाठी घेतलेले जोडकाम त्यांच्या विषयातलेच होते. यातून घ्यायचा बोध असा की, जोडकाम करावेच लागले तर ते आपल्या क्षेत्राच्या जवळचे निवडावे. बी.कॉम. झालेल्याने कर सल्लागाराच्या कार्यालयात खातेवही लिहावी. संगणक शिकलेल्याने वसाहतीतील दुकानाचा मालसाठा नोंदवणारा छोटा प्रोग्रॅम करून द्यावा. टूल डिझाइनची आवड असणाऱ्याने चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधील अभ्यासक्रमांची चौकशी करावी. केलेल्या कामाचा नमुना आणि ज्यांच्यासाठी काम केले त्यांचे दोन ओळींचे पत्र जपून ठेवावे. पहिल्या मुलाखतीत तोच अनुभव असतो.

जुलै १९४५ मध्ये भारत सरकारने पुनर्वसन व रोजगार संचालनालय उभारले आणि त्यातून देशभर सेवायोजन कार्यालये उघडली गेली, तेव्हा श्रम खाते बाबासाहेबांकडे होते. काम मिळणे ओळखीवर सोडू नये, त्यासाठी सार्वजनिक व्यवस्था असावी, हा त्यामागचा विचार होता. व्यवस्था आज आहे. तिचा पत्ता मात्र अजूनही ओळखीनेच कळतो, आणि ती ओळख देण्याचे काम आपले आहे.

म्हणून सभासदांना एक विनंती. आपल्यापैकी जे कंपन्यांत, बँकांत, सरकारी कार्यालयांत आहेत, त्यांनी दरवर्षी निकालानंतरच्या एका रविवारी विहारात दोन तास द्यावेत. आपल्या आस्थापनेत शिकाऊ जागा किती आहेत, अर्ज कधी निघतात, मुलाखतीत काय विचारतात, एवढे सांगितले तरी पुरे. शिफारस करता आली नाही तरी चालेल, माहिती अवश्य द्यावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपण निकालाची वाट पाहत बसू नका. शेवटच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यांची यादी करायला घ्या.