धुळ्याचे दीक्षित मास्तर

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे नाव आज बहुधा पंचांगवाले आणि इतिहासाचे अभ्यासक यांनाच ठाऊक असते. 1889 ते 1894 या काळात ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात मास्तर होते. मराठी शाळांचे पंतोजी तयार करायचे, हे त्यांचे काम. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी झाली ती 1906 साली.

दीक्षित मूळचे कोकणातले, दापोलीजवळच्या मुरूडचे. जन्म 1853 चा. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते मराठी शाळाखात्यात शिरले. रेवदंडा, ठाणे, बार्शी अशा बदल्या होत होत ते धुळ्याला पोचले. विद्यापीठाची पदवी नाही, वेधशाळा नाही. होते ते गणित, संस्कृत आणि चिकाटी.

या गणिताचा एक मासला पाहण्याजोगा आहे. मध्य प्रदेशात एरण येथे गुप्त राजा बुधगुप्त याच्या काळातला एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त संवत 165, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी मिती कोरलेली आहे. पण गुप्त संवत सुरू झाला कधी? यावर पंडितांची जुंपली होती. तिथी चंद्रावर चालते, वार सातांच्या फेऱ्यात फिरतो. चुकीचे वर्ष धरले की दोघांची सांगड सहसा बसत नाही. शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांच्यासाठी दीक्षितांनी हा हिशेब केला. इसवी सन 484, 21 जून, वार गुरुवार! संवताचा आरंभ 319-20 चा, या मताला त्यामुळे पक्का आधार मिळाला. फ्लीट यांचा गुप्त लेखांचा ग्रंथ 1888 साली निघाला. तेव्हा दीक्षित बार्शीत मास्तरकी करत होते, हे विसरू नये.

पण दुसऱ्याला उत्तर काढून देऊन खरा मास्तर थांबत नाही. इतिहासकार रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले ‘द इंडियन कॅलेंडर’ 1896 साली लंडनहून निघाले. त्यात इसवी सन 300 ते 1900 पर्यंतची कोष्टके आहेत. कोणाही अभ्यासकाने शिलालेखातली मिती घ्यावी आणि स्वतः पडताळून पाहावी. माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी शिकवणी हीच. मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली हुद्दा आहे तो पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाचा.

मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. त्याचे जोडनाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. तारे ओळखायला लावणाऱ्या पुस्तकाला असे नाव द्यायला शिक्षकच हवा. नुसत्या पंडिताला ते सुचत नाही. मोठा ग्रंथ ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’, तोही 1896 चाच. वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतच्या भारतीय ज्योतिषाचा इतिहास, आणि सगळा मराठीत. पुढे त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे झाली.

खानदेशाला या इतिहासात स्वतःचे दालन आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळातला शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. काळ तेराव्या शतकाच्या आरंभीचा. लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत मठाच्या उत्पन्नाची तजवीज आहे: बाजारातल्या करातला वाटा, घाण्यामागे पळीभर तेल. शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा, याचे उत्तर दगडात कोरून ठेवलेले! हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला होता.

दीक्षित 1898 मध्ये गेले, पंचेचाळिशीही गाठली नाही. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन, म्हणजे सूर्याच्या ऋतुचक्राला धरून चालणारे, पंचांग चालवले होते. ऋतू आणि सण यांची फारकत होऊ नये, हा त्यामागचा आग्रह. सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या 22 तारखेच्या आसपास, तर संक्रांतही तेव्हाच हवी. 1957 साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली, तिचे वर्ष सायनच आहे. सरकारी पत्रांवर ही तारीख छापली जाते. तिळगूळ मात्र जानेवारीतच वाटतात.